१६० चे ७० कसे झाले? (मोबाईल-कॉम्प्युटरच्या पोटातल्या मराठीची गोष्ट)

आधी एक प्रयोग करा. एक साधा कीपॅडवाला फोन घ्या. स्मार्टफोन नको, मेसच्या मावशींकडे असतो तसला. नवीन मेसेज उघडा. बहुतेक फोनमध्ये वर कोपऱ्यात १६० हा आकडा दिसतो. एकेक इंग्रजी अक्षर टाकलं की तो एकेकाने उतरत जातो. पंधरा अक्षरं टाकून झाली की भाषा बदला आणि फक्त एक मराठी अक्षर टाका. 'क' टाका, 'अ' टाका, काहीही टाका. आकडा १४५ वरून धाडकन ५४ वर येतो! ते एक अक्षर खोडा, पुन्हा १४५.

म्हणजे एकट्या 'क'ने नव्वद अक्षरांची जागा खाल्ली. हे कंपनीचं लबाडीचं काम आहे असं आमच्या विंगमध्ये पुष्कळांचं मत पडलं. पण गणित बघितलं तर यात लबाडी नाही, इतिहास आहे.

एसएमएस म्हणजे १४० बाईटचं एक पाकीट. एका बाईटमध्ये ८ बिट, म्हणजे एकूण ११२० बिट. हे ठरवणारे लोक युरोपातले होते. फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९८५ च्या सुमारास टाईपरायटरवर वाक्यं लिहून अक्षरं मोजली आणि बहुतेक गोष्टी सांगायला १६० अक्षरं पुरतात असं ठरवलं. त्यासाठी प्रत्येक अक्षराला ७ बिट दिले. ११२० भागिले ७ बरोबर १६०. पण ७ बिटमध्ये १२८ च खाने होतात. त्या १२८ खान्यांत इंग्रजी अक्षरं, आकडे, युरोपातली काही टोपीवाली अक्षरं आणि ग्रीकची दहा कॅपिटल अक्षरंसुद्धा आहेत. होय, सिग्मा आणि ओमेगा! देवनागरीचं मात्र एकही नाही.

आता तुमच्या मेसेजमध्ये त्या तक्त्याबाहेरचं एक जरी अक्षर आलं तरी फोन अख्खा मेसेज दुसऱ्या पद्धतीने लिहितो, ज्यात प्रत्येक अक्षराला १६ बिट लागतात. ११२० भागिले १६ बरोबर ७०. झालं! आणि मेसेज ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे पडतात. तुकडे पुन्हा जुळवायला थोडी माहिती पाकिटातच ठेवावी लागते, म्हणून मग एका तुकड्यात ६७ च अक्षरं मावतात.

वर आपल्या लिपीत काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. मी एक नमुना मोजला: 'आपल्या पाल्याची उपस्थिती ७५ टक्क्यांपेक्षा कमी आहे.' हे वाक्य ५१ खाने घेतं. 'कृपया विभागप्रमुखांना भेटावे.' एवढं जोडलं की ८१. दोन एसएमएस! आणि यात अजून मुलाचं नाव नाही, ब्रँच नाही, रोल नंबर नाही. हीच दोन वाक्यं इंग्रजीत साठच्या आत बसतात, आणि नाव-गाव टाकूनही मेसेज एकच राहतो.

आता बघा, हजारो मेसेज एकदम पाठवणाऱ्या कोणत्याही ऑफिसला तुकड्यामागे पैसे मोजावे लागतात. मराठीत पाठवायचं तर बिल दुप्पट. मग साहजिकच मेसेज इंग्रजीत जातो. आमच्या विंगमधल्या एकाचे बाबा कुरखेड्याकडे शेती करतात. अटेंडन्सचा मेसेज त्यांच्या फोनवर जातो, पण तो इंग्रजीत असतो. मग ते रात्री फोन करतात आणि मेसेजमधली अक्षरं एकेक करून पोरालाच सांगतात, "काय लिवलं हाय रे?" आणि आमचा हा वीर गंभीर आवाजात सांगतो, "काही नाही बाबा, फी जमा झाली म्हणून लिहिलं आहे." ज्या मुलाची तक्रार, तोच दुभाषी! आम्ही सगळे पोट धरून हसलो हे खरं आहे. पण त्या सेमिस्टरला त्याचा एक पेपर अडकला आणि बाबांना ते निकालाच्या दिवशीच कळलं, हेही खरं आहे.

रोमन लिपीत मराठी लिहून पाठवणं हा मधला मार्ग आहे असं कुणी म्हणेल. आपण चॅटवर तेच करतो. मी कॉन्व्हेंटवाला असल्यामुळे बारावीपर्यंत माझी सगळी मराठी चॅटिंग रोमनमध्येच चालायची. पण रोमनमध्ये बी-ए-एन-डी लिहिलं तर उद्या मेस 'बंद' आहे की मेसमध्ये 'बँड' आहे? के-ए-एल म्हणजे 'काल', 'काळ' की 'कळ'? मित्रांमध्ये चालून जातं, कारण विषय आधीच माहीत असतो. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांना रोमनचाही काय उपयोग?

असो. एसएमएस हा या गोष्टीचा छोटा भाग आहे. मुद्दा असा की कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा हे कुणीतरी ठरवायला लागतं. आज जगभर जो तक्ता चालतो त्याचं नाव युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात देवनागरीला १२८ खान्यांचा एक पट्टा दिलेला आहे, २३०४ पासून २४३१ पर्यंत. आपलं 'नागपूर' त्यात असं दिसतं: न २३४४, काना २३६६, ग २३२७, प २३४६, दीर्घ उकार २३७०, र २३५२. सहा आकडे. फोन कोणताही असो, फाँट कोणताही असो, हे सहा आकडे तेच.

(हिंदीवाले 'नागपुर' लिहितात. ऱ्हस्व उकार २३६९. फरक फक्त एकाचा, पण साध्या सर्चच्या दृष्टीने शहरं दोन! सीताबर्डीतल्या पाट्यांवर दोन्ही नागपूर सुखाने नांदतात.)

व्हॉट्सॲपवर मराठी विकिपीडियाची लिंक पाठवली की तिचं भयंकर शेपूट होतं, टक्क्याची चिन्हं आणि ई-झीरो-ए-फोर, ई-झीरो-ए-फाईव्ह असलं काहीतरी. पुष्कळांना तो व्हायरस वाटतो. व्हायरस नाही. इंटरनेटवर युनिकोडचा आकडा ज्या पद्धतीने लिहितात (यूटीएफ-८) तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाईट लागतात, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाईट टक्का अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. तीन गुणिले तीन, नऊ. म्हणून सहा चिन्हांच्या नागपूरचं शेपूट ५४ अक्षरी होतं. आत नागपूरच आहे, घाबरू नका.

आता मूळ दुखणं. यंदा मॅगझिनच्या मराठी विभागाचं काम माझ्याकडे आलं. कपाटात जुन्या अंकांच्या सीडींचा गठ्ठा होता. वाटलं, वा! वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या कविता, लेख, मेसवरचे विनोद (विनोद तेच आहेत, भाजी तीच आहे), सगळं एकत्र करून वेबसाईटवर टाकू. सीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर शोधण्यात एक दिवस गेला, तो लॅबच्या कोपऱ्यात मिळाला. फाइल उघडली. पहिल्याच ओळीत यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे. पुढे पानभर तसलंच.

ते 'नागपूर' होतं!

झालं होतं असं. त्या काळात डीटीपीवाले जे फाँट वापरायचे (कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, शिवाजी वगैरे) त्यांनी एक युक्ती केली होती. कॉम्प्युटरला सांगायचं की ही इंग्रजी अक्षरं आहेत, आणि फाँटमध्ये इंग्रजी 'यू'च्या जागी 'न'चं चित्र काढून ठेवायचं. 'के'च्या जागी काना, 'एक्स'च्या जागी 'ग'. पडद्यावर 'नागपूर' दिसतं, कागदावर 'नागपूर' छापलं जातं. पण फाइलच्या पोटात यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे हीच इंग्रजी अक्षरं असतात. म्हणजे ते मराठीचं सोंग झालं. फाँट काढून घेतला की सोंग उतरलं. आणि प्रत्येक कंपनीचं सोंग वेगळं, त्यामुळे कृतिदेवमधली फाइल श्रीलिपीत उघडली तरी कचराच दिसणार.

कृतिदेवची मांडणी टाईपरायटरवरून आली आहे. टाईपरायटरला कळा मोजक्या, म्हणून अर्धं अक्षर आणि उभी रेघ असे तुकडे करून ठेवलेले. 'भ' हवा तर अर्धा भ मारायचा आणि मग रेघ. कागदावर छापण्यापुरता विचार केला तर हे फार हुशारीचं काम आहे. त्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. तेव्हाच्या साध्या कॉम्प्युटरवर मराठी लग्नपत्रिका, मराठी पेपर, मराठी प्रश्नपत्रिका निघाल्या त्या यांच्याच जिवावर. महालातल्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात बसा, जुने ऑपरेटर न बघता ज्या वेगाने टाईप करतात तो बघून आपल्याला लाज वाटते.

बरं, तेव्हा दुसरा मार्ग नव्हता असंही नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट नावाचं तंत्रज्ञान होतं. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आकड्यांची पद्धत द्यायची ही त्यामागची कल्पना. ती इस्की या नावाने भारतीय मानकही झाली, आयएस १३१९४, साल १९९१. युनिकोडचा देवनागरीचा पट्टा या इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेला आहे. म्हणजे जगाने आपल्याकडून घेतलं आणि आपण मात्र यू-के-एक्स-आय करत बसलो! कारण सरळ आहे. मानकाने छापखान्याचं आजचं काम होत नव्हतं, सुंदर फाँटने होत होतं. ज्याला संध्याकाळी पत्रिका द्यायची आहे तो वीस वर्षांनी फाइल कोण उघडेल याचा विचार कशाला करेल?

युनिकोडचं मराठी घराघरांतल्या कॉम्प्युटरवर आलं ते विंडोज २००० आणि एक्सपीच्या काळात, मंगल नावाच्या फाँटबरोबर. तेही एक्सपीमध्ये सेटिंगमध्ये जाऊन वेगळं चालू करावं लागायचं, आणि त्यासाठी मूळ सीडी लागायची. ती कुणाकडे असायची? सीनिअर सांगतात, अख्ख्या हॉस्टेलमध्ये एक सीडी फिरायची आणि तिच्यावर मार्करने सीरियल नंबर लिहिलेला असायचा. जाऊ द्या.

आता 'सोंग असलं तरी दिसतं ना, मग बिघडलं काय?' हा प्रश्न मला आमच्या एका सरांनीच विचारला. बिघडतं ते असं. सोंगाच्या फाइलमध्ये सर्च चालत नाही. 'नागपूर' शोधा, मिळणार नाही, कारण ते तिथे नाहीच. अंध विद्यार्थी स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे फाइल वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. एनव्हीडीए नावाचं असं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ते युनिकोडमधली मराठी वाचू शकतं. त्याच्यापुढे कृतिदेवची नोटीस ठेवली तर ते इमानदारीत 'यू के एक्स आय' वाचणार. नोटिशीचा मोबाईलने काढलेला फोटो ठेवला तर तेवढंही नाही. आणि हल्लीच्या एआय चॅटबॉटचं म्हणाल तर तो मराठी शिकला तो युनिकोडमध्ये असलेल्या मजकुरावर. आमच्या सीडीतल्या कविता त्याच्या दृष्टीने लिहिल्याच गेल्या नाहीत.

मग आकडे बदलणारा प्रोग्राम लिहायचा, इंजिनिअर कशाला झालो! मलाही ते एका रात्रीचं काम वाटलं होतं. 'यू' दिसला की २३४४ लिहा, 'के' दिसला की २३६६. पण 'विदर्भ' हा शब्द घ्या. कृतिदेवमध्ये तो एफ-ओ-एन-एच-के-झेड असा असतो. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, ओ म्हणजे व, एन म्हणजे द, एच आणि के मिळून भ, झेड म्हणजे रफार. म्हणजे डोळ्यांना जसं दिसतं त्या क्रमाने: वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी, रफार शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो म्हणून शेवटी. युनिकोडमध्ये मात्र जसं बोलतो तो क्रम: व, वेलांटी, द, र, हलन्त, भ. नुसते आकडे बदलले तर 'िवदभर्' असं काहीतरी बाहेर येतं. पीडीएफमधून मराठी कॉपी-पेस्ट करताना हेच भूत दिसतं ना? कारण तेच. पीडीएफला छापील चित्राची काळजी असते, अक्षरांच्या क्रमाची नाही.

म्हणून वेलांटी उचलून पुढच्या अक्षरामागे ठेवायची. पण पुढचं अक्षर जोडाक्षर असलं तर? 'स्थिती'मधली वेलांटी 'स्'च्या मागे नाही, 'थ'च्या मागे गेली पाहिजे. रफार तर अजून वाईट. 'वर्धा'मध्ये तो काना ओलांडून मागे, 'ध'च्याही अलीकडे न्यायचा. या दोन नियमांत माझे तीन रविवार गेले. पण ते बसल्यावर पहिलं अख्खं पान शुद्ध मराठीत पडद्यावर आलं तेव्हा जो आनंद झाला तो मला कुठल्याच प्रॅक्टिकलला झालेला नाही. ती मेसच्या पोह्यांवरची विडंबनकविता होती.

मराठीचे काही लाड मात्र कृतिदेवच काय, युनिकोडलाही उशिरा कळले. यातला सगळ्यात आपला लाड म्हणजे डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा अर्धा र. 'वऱ्हाड' लिहून बघा. तो नसेल तर 'वर्हाड' होतं, आणि असलं वऱ्हाड वऱ्हाडी माणसाला ओळखूच येणार नाही. आमच्या हॉस्टेलच्या बोर्डावर एकदा नोटीस लागली होती: 'मेसच्या आचार्यांना सूचना देण्यात येते की पोळ्या कच्च्या राहू नयेत.' लिहिणाऱ्याला 'आचाऱ्यांना' म्हणायचं होतं, पण त्या फाँटमध्ये पापणीचा र नव्हता. आचारी स्वयंपाक करतो, आचार्य शिकवतात. दोन दिवस प्रत्येक लेक्चरला मागच्या बाकावरून पोळ्यांची चौकशी होत होती.

युनिकोडमध्ये हा पापणीचा र लिहायला 'ऱ' वापरतात, खाना २३५३, आपल्या साध्या 'र'च्या अगदी शेजारी. मजा म्हणजे हे पूर्ण 'ऱ' अक्षर तमिळसारख्या दक्षिणेकडच्या भाषांमधला वेगळा र देवनागरीत दाखवण्यासाठी आहे. आपलं वऱ्हाड दाक्षिणात्य अक्षरावर उभं आहे! शिवाय दुसराही एक मार्ग चालतो: साधा र, हलन्त आणि त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, आतले आकडे वेगळे. त्यामुळे डोळ्यांसमोर असलेला 'वऱ्हाड' सर्चला सापडत नाही असं कधी झालं तर डोकं आपटू नका.

'ॲ' तर युनिकोडमध्ये आला तोच २००८ साली, आवृत्ती ५.१ मध्ये. त्याआधी ॲडमिशन, ॲसिड, ॲटम लिहायला लोक 'अ'वर चंद्र चिकटवायचे किंवा हिंदीतला 'ऍ' वापरायचे. आजही तिन्ही चालू आहेत. म्हणून यादीत ॲडमिशन घेतलेली मुलं शोधताना अर्धी गायब असतात.

'ल' आणि 'श'ची गोष्ट वेगळी. पाकळ्यांचा मराठी ल आणि उभ्या दांड्याचा हिंदी ल, दोघांचा आकडा एकच, २३५४. चित्र कोणतं दाखवायचं हे फाँट ठरवतो. मंगलने हिंदी रूप निवडलं, म्हणून वर्षानुवर्षं आपल्या नोटिसा थोड्या भोपाळच्या वाटायच्या. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या नोव्हेंबरमध्ये निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे म्हणून सांगितले. मला विचाराल तर दिसण्याचं भांडण दुय्यम आहे. आकडा बरोबर असला की चित्र कधीही बदलता येतं. उलटं होत नाही.

आता 'टाईप कसं करायचं?' हा हॉस्टेलमधला लाडका बहाणा. फोनवर रोमनमध्ये लिहिलं की मराठी होऊन येतं, ते पटकन कामाला ठीक आहे. पण त्यात 'नागपुर' घ्यायचं की 'नागपूर' हे शेवटी तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि घाईत आपण पहिलंच ठोकतो. आयआयटी मुंबईत तयार झालेला स्वरचक्र नावाचा की-बोर्ड मला जास्त आवडला. त्यात क ख ग घ बालवाडीच्या तक्त्यासारखे मांडलेले असतात, आणि अक्षरावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं. कॉम्प्युटरवर इन्स्क्रिप्ट शिका. ही १९८६ ची सरकारी मांडणी आहे, विंडोज, लिनक्स सगळीकडे आधीच असते. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. साध्या कळेवर क, शिफ्टवर ख. साध्या कळेवर ग, शिफ्टवर घ. मला बरोबर अकरा दिवस लागले, रोज मेसच्या रांगेनंतर अर्धा तास. आता 'नागपूर'ला सहा कळा, ना एक जास्त ना कमी. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला मात्र कुठलाच की-बोर्ड सुधारत नाही, ते काम आमच्या मॅडम करतात.

एसएमएसचं काय करायचं यावर माझं मत असं. ७० अक्षरांत मराठी लिहिता येतं, नीट विचार केला तर. 'हजेरी ७५% पेक्षा कमी. विभागप्रमुखांना भेटा.' मोजून बघा, त्रेचाळीस खाने. उरलेल्या सत्तावीस खान्यांत मुलाचं पहिलं नाव आणि रोल नंबर येतो. 'आपल्या पाल्याची', 'कृपया', 'उपस्थिती' हे सगळं कापलं तर बिल दुप्पट होत नाही आणि बाबांना दुभाषी लागत नाही. हे मी आमच्या ऑफिसमध्ये लेखी दिलं आहे. (हॉस्टेलमधल्या काही मित्रांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद केलं आहे.)

जुन्या अंकांचा हिशोब सांगतो. नऊ सीडींपैकी दोन वाचल्याच जात नाहीत, त्यांच्यावर बुरशीसारखे डाग आहेत. तीन सीडींवर पेजमेकरच्या फाइल आहेत. त्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ सालची, म्हणजे इथे कुलपाला अजून एक कुलूप. तीन सीडी कृतिदेवच्या, त्या पूर्ण मोकळ्या झाल्या, एकशे चार लेख-कविता. राहिली एक. तिच्यात २००५-०६ च्या अंकाचा मजकूर आहे, पण कुणीतरी तो नुसता टेक्स्ट म्हणून सेव्ह केल्यामुळे फाँटचं नावच निघून गेलं आहे. जे फाँट मला मिळाले ते सगळे लावून बघितले, एकही बसला नाही.

म्हणून आता आम्ही दोघं-तिघं ती गुप्त संदेशासारखी फोडतो आहोत. आधी कोणतं चिन्ह किती वेळा येतं ते मोजलं. आमच्या मोकळ्या झालेल्या अंकांमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारं चिन्ह काना आहे, तेव्हा इथलंही पहिल्या नंबरचं चिन्ह कानाच असणार असं धरलं. मग नक्की असणारा शब्द शोधायचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन संदेश फोडताना इंग्रजांना हवामानाच्या बातमीचा असा उपयोग झाला होता. कॉलेजच्या मॅगझिनमध्ये हवामान नसतं, पण मेस असते! दर दोन पानांआड येणारी तीन चिन्हांची एक जोडणी सापडली आणि तिथून 'म', मात्रा आणि 'स' मिळाले. त्यावरून 'परीक्षा', त्यावरून 'आई'.

शेवटची फाइल आखूड ओळींची आहे, बहुधा कविता. बावीस ओळींपैकी नऊ लागल्या आहेत. कवीचं नाव पाच चिन्हांचं आहे आणि त्यातली दोन अजून कोरी आहेत. २००५-०६ च्या अंकाची छापील प्रत कुणाकडे, कुणाच्या घरी, कुठल्या सरांच्या कपाटात असेल तर एक पान बघायला द्या. छापील एक पान आणि फाइलमधलं तेच पान शेजारी ठेवलं की पूर्ण तक्ता एका संध्याकाळी तयार होईल. प्रत जशीच्या तशी परत मिळेल, चहासकट.